शर्यत सुटली, भूक राहिली

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा आहे. वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत ८०० मीटर पळायचो. माझी सर्वोत्तम वेळ १ मिनिट ५४ सेकंद, सरावाचं पळणं आठवड्याला ७० किलोमीटर आणि वजन ६२ किलो. आज वजन ९४ आहे. पळणं सुटलं, खाणं तेवढंच राहिलं. शिवाय रात्री उशिरा पाकिटातलं खारं-गोड आणि गोड थंड पेयं यांची सवय लागली. गेल्या महिन्यात उपाशीपोटीची साखर ११२ आली. तीनदा पळायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दोन आठवड्यांच्या आत टाचेमागची शीर धरली. आता ट्रॅकवरून जायचंही टाळतो, जुने सोबती भेटतील म्हणून. वयामुळे चयापचय मंदावलं असेल का? सहा महिन्यांत ६२ वर यायला काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात ६२ हा आकडा दोनदा आलाय. मला ९४ पेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटली.

मी पोहायचे. खांद्याच्या दुखापतीमुळे २३ व्या वर्षी थांबावं लागलं आणि पुढच्या नऊ वर्षांत माझं वजन २१ किलोंनी वाढलं. पोहणं सुटल्यावरही पहाटे साडेचारला जाग यायची आणि सात वाजले की पोटात आग पडायची, कारण इतकी वर्षं त्याच वेळेला पाण्यातून बाहेर येऊन मी खायला बसत होते. ती भूक खोटी नव्हती. आपल्या खाण्याच्या वेळा शरीर लक्षात ठेवतं आणि त्या सुमाराला भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं. मला मात्र वाटायचं, आपलाच स्वतःवरचा ताबा सुटलाय. त्या अपराधीपणापायी मी आणखी खात राहिले. तुमच्या पत्रातही तो अपराधीपणा मला दिसला, म्हणून हे आधी सांगतेय.

आता तुमचा हिशेब. पळताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६२ किलो आणि आठवड्याला ७० किलोमीटर म्हणजे रोजच्या सहाशेहून जास्त किलोकॅलरी. सराव थांबला त्या दिवशी हा खर्च थांबला, ताट मात्र तेवढंच राहिलं. वयाला यात फारसा दोष देता येत नाही. २०२१ साली सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर २० ते ६० या वयात चयापचय जवळपास स्थिर राहतं, असं त्यात दिसलं.

रात्रीच्या पाकिटांबद्दल मात्र मी ठामपणे बोलणार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. तरी पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली, शिवाय भराभर खाल्लं. २०१९ सालचा हा प्रयोग. तेव्हा पाकीट घरात ठेवून मनाची परीक्षा घेऊ नका, ते घरात येऊच देऊ नका. थंड पेयाच्या जागी पाणी प्या. रात्रीच्या जेवणात अंडी, मासे, डाळी, दही यांतलं जे तुम्ही खात असाल ते वाढवा. दिवसभरात ९० ते १०० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली की रात्रीची खाखा पुष्कळ कमी होते आणि वजन उतरताना स्नायू टिकायलाही मदत होते. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना दाखवा.

पळणं सध्या बंद. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण टाचेची शीर तीनदा का धरली ते पाहा. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार जमिनीवर येतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधांना, म्हणजे टाचेमागच्या शिरेसारख्यांना, त्याहून बराच जास्त वेळ लागतो. नवखा माणूस दम लागला की थांबतो. तुम्ही थांबत नाही, कारण दम सोसायला तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या डोक्यात वेग जुना आहे आणि टाच आजची आहे. फिजिओथेरपिस्टला एकदा टाच दाखवा. त्यांनी हरकत घेतली नाही तर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला आणि दोन दिवस वजनांचा व्यायाम करा. त्यात टाचा उचलण्याचा व्यायाम अगदी सावकाश करायचा. बायको-मुलं तुमच्या घोरण्याबद्दल तक्रार करत असतील आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता ६२. सहा महिन्यांत ३२ किलो म्हणजे दर आठवड्याला सव्वा किलो. एवढ्या घाईत स्नायूही झडतात आणि भूक पिसाळते. आमचे एक प्रशिक्षक दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर लिहायचे. आम्ही मुली शनिवार-रविवार उपाशी राहायचो आणि सोमवारी संध्याकाळी तुटून पडायचो. ती सवय मोडायला मला पोहणं सोडल्यानंतरही कित्येक वर्षं लागली. त्यांनी आमचं फार नुकसान केलं, असं मी आजही म्हणते. तुम्ही तो फळा स्वतःच्या घरात टांगू नका.

मी तुम्हाला ८७ हा आकडा देते. तुमची साखर मधुमेहाच्या अलीकडच्या टप्प्यावर आहे. अशाच, तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. सात टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच ज्या गटाचं उद्दिष्ट होतं, त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तुमचे सात टक्के म्हणजे साडेसहा किलो. त्याला सहा महिने घ्या. पुढचा आकडा तिथे पोहोचल्यावर ठरवू.

आणि ट्रॅक टाळू नका. हार्वर्डच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात दिसलं होतं, की विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांपैकी ज्यांनी पुढेही हालचाल चालू ठेवली, त्यांनाच हृदयविकाराचा धोका कमी राहिला. जुन्या खेळाची पुण्याई आपोआप पुरली नाही. चालायला त्याच ट्रॅकवर जा, बाहेरच्या लेनमधून. सोबती भेटले तर भेटू देत. त्यांच्यातले किती जण तुमच्यासारखेच ट्रॅक टाळत असतील, कोण जाणे.

सरावाची वही तुम्ही ठेवत असणारच, ८०० मीटरवाले ठेवतातच. तशीच एक नवी वही करा. तीन आठवडे त्यात वजन लिहू नका. भूक किती वाजता लागली, त्याआधी काय चाललं होतं आणि काय खाल्लं, एवढंच लिहा आणि ती पानं मला पाठवा. उत्तर मी नक्की देईन.