मॉरिशसमध्ये लिची वाचवायची तर वटवाघळं मारावीच लागतात का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: नातेवाइकांच्या अंगणातली लिची वटवाघळं फस्त करतात त्याला उपाय काय, आणि सरकार त्यांना मारतं ते बरोबरच ना? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही, बरोबर नाही. 2015 च्या अखेरीस तिथे 30 हजारांहून जास्त वटवाघळं गोळ्या घालून मारली, 2016 मध्ये पुन्हा सात हजारांवर, 2018 मध्ये आणखी. बागायतदारांची ओरड थांबली का? थांबली नाही. 2018 मध्येच वटवाघळांची ही जात जागतिक लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या यादीत, ‘संकटग्रस्त’ वर्गात गेली. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तूट भरणार कशी? फळं खाणारा डोडो गेला, तिथली मोठी कासवं गेली. मूळ जंगल पाच टक्केही राहिलेलं नाही, आणि त्यातल्या मोठ्या बियांच्या झाडांचा प्रसार आता मुख्यतः या वटवाघळांच्याच जिवावर चालतो.

खापर फोडण्याआधी झाडाखाली बघा. चोथ्याच्या चपट्या गोळ्या पडल्या असतील तर वटवाघूळ: ते गर टाळूवर दाबून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. फळ घोसातच लटकलेलं आणि सालीला भोक असेल तर पक्षी. शिपाई बुलबुल आणि आपल्याकडचा पोपट तिथे माणसानेच बाहेरून आणून सोडलेत, त्यांना कोणी बोल लावत नाही.

आता जाळी. बाजारातली पातळ, मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी फांद्यांवर नुसती टाकू नका. तिच्यात वटवाघूळ पंखांनी गुरफटून मरतं, आणि पालवीला टेकलेल्या जाळीतून बाहेर बसूनही ते फळ खातं. करंगळी आरपार जाणार नाही अशी, जाड धाग्याची पांढरी जाळी घ्या. बांबूचा किंवा पाइपचा सांगाडा करून ती पालवीपासून हातभर लांब, ताणून बसवा. खालची कड जमिनीला दाबून टाका, नाहीतर उंदीर शिरतात. फुलोऱ्यात लावू नका, मधमाश्या अडतात. फळ धरल्यावर, रंग चढण्याआधी लावा आणि तोडणी होताच काढा. लवकर तोडून सुटका होत नाही, कारण लिची झाडावरून उतरवली की पुढे पिकत नाही. आंब्याचं तसं नाही, तो तयार झाला की हिरवाच उतरवून अढीत घालता येतो.

खरी अडचण उंचीची आहे. वीस फुटांवरच्या झाडाला जाळी नीट बसत नाही, आणि वटवाघळांचं नुकसानही अशाच झाडांवर जास्त. तोडणी संपताच छाटणी करा. उशीर केलात तर नवी फूट थंडीपर्यंत जून होत नाही आणि पुढचा बहर हुकतो. एकदम निम्मं झाड उतरवू नका, दोन-तीन हंगामांत खाली आणा.

जाळी स्वस्त नाही, हे मान्य. तिथल्या सरकारने तिच्यावर अनुदान दिलं होतं, सध्या मिळतं का ते तिथेच विचारा. तोवर हाताशी येणाऱ्या घोसांना कापडी पिशव्या बांधा. आणि एखादं वटवाघूळ अडकलंच तर उघड्या हाताने धरू नका, जाड हातमोजे घालून जाळी कापा.