मार्चअखेरच्या पेट्या घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. मधपालनाचा पाच दिवसांचा वर्ग झाला, प्रमाणपत्र मिळालं, आता अनुदानातल्या दहा पेट्या 25 मार्चला घेऊन जा असा फोन आलाय, मोहोळजवळच्या डाळिंबात ठेवू का, असं विचारलंय. ठेवू नका. पेट्या ऑक्टोबरात द्या असं लेखी मागा. अर्ज बाद झाला तर होऊ द्या.

आम्हालाही एका कार्यालयाने अशाच मार्चअखेर दिल्या होत्या. जूनपर्यंत निम्म्या रिकाम्या. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. 31 मार्चच्या आत बिल निघायला हवं म्हणून वाटप मार्चात, आणि सोलापुरात माश्यांची उपासमार सुरू होते ती नेमकी त्याच सुमारास. करडई उरकलेली, कांद्याचे गोटे, म्हणजे बियाण्यासाठी फुलवलेला कांदा, उरकत आलेले. कडुलिंबाला मोहर येतो, पण चार दिवसांचा. डाळिंबाच्या आंबे बहाराची लाल फुलं बघून वाटतं, आहे की खायला! डाळिंबात पराग मिळतो, मकरंद फारसा नाही, आणि बहारात फवारण्या चालूच.

पेटीत काय होतं ते समजून घ्या. पिल्लांची जागा 34-35 अंशांवर राहावी लागते. बाहेर 43 झालं की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. मकरंद आणायचा तर त्या पाणक्या होऊन बसतात. साठा संपतो, राणी अंडी कमी घालते, माश्या घटतात, मोकळ्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. त्याच्या जाळ्या दिसल्या की सगळे किड्याला शिव्या देतात, पण तो शेवटी आलेला पाहुणा. पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी आठ आणि माश्या चार चौकटींपुरत्या, हे खरं दुखणं. माश्या झाकतील तेवढ्याच चौकटी आत ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या.

आणि पेट्या घ्याव्याच लागल्या तर दाट सावली बघा, दार पूर्वेला करा, झाकणावर कडब्याचा जाड थर टाका. उन्हात मध भरलेलं नवं पोळं मऊ होऊन खाली बसतं. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या. जवळच पसरट भांड्यात खडे घालून पाणी भरत राहा. साखर-पाणी समप्रमाणात, कोमट पाण्यात विरघळवून पूर्ण थंड करून, संध्याकाळी पेटीच्या आत द्या. थेंबही बाहेर सांडू देऊ नका, शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटालूट करायला येतात. दार दोन बोटं एवढंच उघडं ठेवा.

आता वर्गाबद्दल. हे माझं मत, कुणाला झोंबलं तर माफ करा. पडद्यावर चित्रं दाखवून, शेवटच्या दिवशी दुरूनच एक पेटी उघडून दाखवली, तर तो वर्ग नव्हे. तुम्हाला अंडी ओळखता येतात का? सूर्य पाठीशी घ्या, चौकट जरा तिरकी धरा, पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी बघा. पांढरी, बारीक सुतासारखी काडी. पहिल्या दिवशी उभी, तिसऱ्या दिवशी आडवी. उभं अंडं दिसलं म्हणजे कालपरवापर्यंत राणी पेटीत होती. राणी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. एकेका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी नाही, कामकरी घालताहेत, आणि त्यातून नुसते नर निघतात. पावतीवर सही करायच्या आधी प्रत्येक पेटी उघडून हे बघा. "वेळ नाही, पुढचे लाभार्थी थांबलेत" म्हणतील. थांबू द्या.

शिकायचं असेल तर पेट्या फिरवणारा एखादा जुना मधपाळ गाठा. आठ-आठ दिवसांनी तीन वेळा तीच पेटी त्याच्याबरोबर उघडा. अंडं तीन दिवस, अळी सहा, झाकलेलं कोषाचं घर बारा, मिळून 21 दिवसांत कामकरी. हा सगळा क्रम एकाच पोळ्यात डोळ्यांसमोर घडतो. मग तुरीच्या फुलोऱ्याच्या तोंडावर त्याच्याकडूनच दोन पेट्या घ्या. दोनच, दहा नाही. एक बिघडली तर दुसरीतली अंड्यांची चौकट तिला देता येते.

हे सगळं मेलीफेराबद्दल, म्हणजे बाहेरून आलेल्या युरोपीय माशीबद्दल. सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी माशीचं गणित निराळं, आणि घाटात सातेरीवर शिकलेलं इथल्या माळावर जसंच्या तसं चालत नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. तिथे चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा: चौकट हातात देणार का?

एक राहिलं. धुरांड्यात, म्हणजे माश्या शांत करायला धूर सोडतो त्या डब्यात, शेणी किंवा साधं गोणपाट जाळा. खताचं पोतं जाळू नका. धूर हातावर घेऊन बघा, चटका बसला तर माश्यांनाही बसेल. डंख बसलाच तर नखाने खरवडून काढा, चिमटीत दाबू नका. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडखळला तर पेटी तशीच सोडून दवाखाना गाठायचा.