नातवंडं आली की चौथ्या दिवशी जीव थकतो

“मॅडम, सुट्टी लागायच्या आधी महिनाभर मी दिवस मोजत असते. आणि मुलं आली की चौथ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागते, जायला किती उरले ते. अशी आजी असते का कुठे?”

इंदिरानगरमधल्या ६६ वर्षांच्या काकू मार्चअखेर समुपदेशनाला आल्या, तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा मुंबईला, मुलगी पणजीला. मे महिन्यात दोन्ही बिऱ्हाडं एकदम नाशकात येतात. दोन बेडरूमचा फ्लॅट, दहा माणसं, तीन आठवडे. चार नातवंडांत मोठा अकरा वर्षांचा, धाकटी दोन वर्षांची.

अशा आज्या पुष्कळ असतात, आणि त्यांची माया तसूभरही कमी नसते. पाहणं एवढंच असतं की पाहुणे गेल्यावर झोप, भूक, उत्साह परत जागेवर येतो का. दोन आठवडे उलटले तरी मन उदास, कशातच रस नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. काकू मात्र घर रिकामं झालं की चार दिवसांत भजनाला जायला लागत. म्हणजे हा थकवा होता, आणि त्यावर अपराधीपणाचं ओझं.

मग गेल्या मेमधला एक दिवस कागदावर तासातासाने मांडला. पहाटे साडेपाचला दूध तापवण्यापासून रात्री अकराला विरजण लावेपर्यंत. नुसत्या पोळ्यांचा हिशेब घ्या: मोठ्यांना चार-चार, मुलांना दोन-दोन, दोन वेळच्या मिळून चौसष्ट. पोळीला तीस ग्रॅम धरलं तरी रोज पावणेदोन किलोच्या वर कणीक, आणि मेच्या उकाड्यात दुखऱ्या गुडघ्यांवर गॅससमोर तासाभराच्या वर उभं राहणं. काका शेजारीच बसले होते. म्हणाले, “दळण मीच आणतो, पण साठ होतात हे माहीत नव्हतं.”

खरा गुंता माहेरपणाचा होता. लेक वर्षभर राबते, तिने माहेरी तरी हात हलवू नये, असं काकूंना मनापासून वाटे. सून सासरी आलेली, तिने केलं तर लेक-सून भेद केल्यासारखं होईल, म्हणून तिलाही सांगायचं नाही. दोघींची विश्रांती काकूंच्या पाठीवर, आणि दोघींना त्याचा पत्ता नाही. त्या समजत होत्या, आईला आवडतं करायला.

आदल्या वर्षी काकूंनी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘या वेळी मला जरा झेपणार नाही, बघा.’ मुलाचं उत्तर आलं, ‘आम्ही येऊ नये का?’ जावई गप्प. काकूंनी घाईने मेसेज पुसला. तो मेसेज चुकला यात नवल नाही. लिहिलेल्यात आईचा सूर ऐकू येत नाही, सगळ्यांसमोर आलं की प्रत्येक जण स्वतःवर ओढून घेतो, आणि ‘जरा’ म्हणजे किती हे त्यात कुठेच नव्हतं.

या वेळी फोन वेगवेगळे केले, तिकिटं काढायच्या आधी. आधी बोलावणं, मग शरीराची गोष्ट, मग नेमकी मागणी. मुलीला त्या म्हणाल्या, “बाळा, तू दहा तारखेला ये, दहा दिवस राहा. दादा सतराला येईल, तीन दिवस सगळी भावंडं एकत्र. माझे गुडघे सकाळची एकच वेळ उभं राहू देतात. रात्रीच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतील, त्याचे पैसे तुम्ही दोघं द्या. दुपारी दोन ते चार माझी खोली बंद.” ‘जमेल तशी मदत करा’ असं म्हटलं की कोणीच करत नाही, ‘रात्रीची भांडी सुनेची आणि जावयांची’ असं म्हटलं की होतात. जावयाला भांडी सांगायला काकूंना फार जड गेलं. ते काम शेवटी लेकीनेच त्यांच्या कानावर घातलं, आणि तेच बरं झालं.

पुढची अडचण काकूंचीच. सुनेने घासलेला कुकर त्या पुन्हा घासत. अशाने न बोलता निरोप जातो की तुझं काम चालत नाही, आणि समोरची व्यक्ती हळूहळू हात आखडते. ठरवलं की जेवणं झाली की ओट्याला हात लावायचा नाही, काकांबरोबर खाली शतपावलीला जायचं. कुकरला डाग राहिला तर राहिला.

थोडी झोप धास्तीनेही उडत होती, म्हणून मुलं यायच्या आदल्या दिवशीची कामं ठरली. काकांच्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावरून कुलपात. ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक खाली आणू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसू शकतो. गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता पाकीट घेऊन रुग्णालय गाठायचं. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बादल्या झाकायच्या, न्हाणीघराला बाहेरून वर कडी लावायची. दोन वर्षांचं मूल बादलीत तोंडघशी पडलं तर त्याला स्वतःहून उठता येत नाही. समुद्राच्या दमट हवेतून नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात आलेल्या मुलांचा घोळणा फुटतो, आणि घरात धावपळ उडते. मान मागे टाकायची नाही. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग चिमटीत धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर.

सकाळची वेळ काकांनी स्वतःहून मागून घेतली. साडेसहाला मोठ्या दोघांना पांडवलेण्याला न्यायचं, ऊन चढायच्या आत पायऱ्या उतरायच्या. एक दिवस सिन्नरचं गारगोटी संग्रहालय, तिथे छताखाली दुपार निघते. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायचं तर प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर. रामकुंडाच्या पायऱ्या निसरड्या असतात.

जूनमध्ये काकू पुन्हा आल्या. कुकर दोनदा घासला होता, हे त्यांनी आपणहून सांगितलं. विकतच्या पोळ्या कडक असतात म्हणून मुलाने दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवसापासून तो भात जास्त घेऊ लागला. दुपारची दारं बंद राहिली. फक्त धाकटी एकदा आत येऊन त्यांच्या पोटाशी झोपली, तेव्हा काकूंनी तिला बाहेर पाठवलं नाही. दिवाळीच्या तारखा आता गणपतीच्या आधीच बोलून घ्यायच्या आहेत, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि तिकिटं निघाल्यावर मग काही बदलता येत नाही.