ग्राफिक डिझाइन शिकल्यावर जाहिरात क्षेत्रात क्रिएटिव्ह म्हणून करिअर करायचं असेल, तर पुढे कोणता कोर्स करावा?

कोणताही करू नका. उपयोजित कलेची पदवी झाली आहे, सॉफ्टवेअर येतात, असं तुम्हीच प्रश्नाखाली लिहिलंय. एजन्सीत सर्टिफिकेट कुणी बघत नाही, पोर्टफोलिओ बघतात. त्यात लोगो आणि लग्नपत्रिका नकोत, कॅम्पेन हवीत. एकच कल्पना होर्डिंगवर, रेडिओवर, फोनवर आणि दुकानाच्या दारात कशी उभी राहते ते दिसलं पाहिजे. अशी पाच-सहा पुरेत.

पण तुमचं पुढचं वाक्य मला फार लागलं: ‘माझं काम व्हिज्युअलचं, कल्पना आणि ओळी कॉपीरायटर देतीलच.’ हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मी मुंबईतल्या एका एजन्सीत ज्युनिअर आर्ट डिरेक्टर होते, म्हणजे जाहिरात दिसेल कशी ते बघणारी. पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम आलं. होर्डिंग लागायची होती सातारा, सांगली, कोल्हापूरकडे. मास्टर, म्हणजे मूळ जाहिरात, मात्र इंग्रजीत आधीच ठरलेला: हसरं कुटुंब, छत्री, कोपऱ्यात डबा. मराठी म्हणजे फक्त ॲडॉप्टेशन, त्याच साच्यात मराठी शब्द बसवणं. स्टुडिओत, म्हणजे छपाईच्या फाइल तयार होतात त्या विभागात, इंग्रजी हेडलाइनचं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) तसंच देवनागरीला लावलं गेलं आणि शिरोरेखा अक्षराअक्षराला तुटली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या प्रिंटआउटकडे बघत होते आणि एकदम दिसलं, हे तर गळकं छप्पर आहे!

मग शिरोरेखेचाच स्लॅब केला. ओळ लिहिली ‘घर कोरडं’. अक्षरं हाताने काढली, रेघ जाड आणि सलग. रेघेच्या वर ‘को’ची मात्रा तिरक्या सरीसारखी, ‘डं’वरचा अनुस्वार म्हणजे स्लॅबवर पडणारा थेंब. रेघेखाली सगळं कोरडं. कुटुंब नाही, छत्री नाही. जाणाऱ्या एसटीतूनही वाचता आलं असतं.

क्रिएटिव्ह डिरेक्टर म्हणाले, ‘तू आर्ट आहेस, ओळी लिहिणं तुझं काम नाही. आणि हे इंग्रजीत होणार नाही.’ क्लायंटला ते दाखवलंच गेलं नाही.

इंग्रजीत कशाला व्हायला हवं होतं? वाचणारा माणूस कऱ्हाडचा होता. आणि आर्टवाल्याने कल्पना द्यायची नाही हा नियम आणला कुठून? ओनिडा टीव्हीच्या जाहिरातीतला तो शिंगंवाला सैतान गोपी कुकडे यांचा, आणि ते आर्ट डिरेक्टर. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात एजन्सीत होते, तेही आर्टचेच. देवनागरी अक्षराचा एवढा विचार त्यांनी केला की पुढे विंडोजवरचा मंगल फॉन्ट त्यांच्या हातून आला. न्यूयॉर्कमध्ये 1949 साली सुरू झालेल्या डॉइल डेन बर्नबाख एजन्सीने आर्ट आणि कॉपीला, म्हणजे दृश्यवाल्याला आणि लिहिणाऱ्याला, जोडीने बसवलं ते दोघांनी मिळून विचार करावा म्हणूनच. आपल्याकडे जोडी आली, पण पुष्कळ ठिकाणी एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने हात चालवायचे असंच राहिलं. हे मी तेव्हाही त्या क्रिएटिव्ह डिरेक्टरना तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगेन.

ते पान मी पोर्टफोलिओत पहिलं ठेवलं, खाली ‘प्रसिद्ध न झालेलं काम’ असं स्वच्छ लिहून. (हे लिहायचंच. न छापलेलं काम छापलेलं म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे.) पुढच्या एजन्सीतल्या मुलाखतीत बाई त्याच पानावर थांबल्या. ‘ओळ कुणाची?’ ‘माझी.’ बाकीची पानं त्यांनी भरभर उलटली. नोकरी मिळाली.

म्हणून सांगते, ओळी स्वतः लिहा. कच्च्या असल्या तरी चालतील, कॉपीरायटर घासूनपुसून घेईल. वर्गातला एखादा लिहिणारा मित्र असेल तर त्याच्याबरोबर आत्तापासून जोडीने काम करा, जमलं तर मुलाखतीलाही जोडीने जा. अक्षर काढायला शिका, म्हणजे कीबोर्डवर नाही, कागदावर. आणि स्टुडिओची नोकरी घेऊ नका. तिथून क्रिएटिव्हच्या टेबलावर येताना लोकांची वर्षं जातात.

अर्थात घरभाडं डोक्यावर असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. स्टुडिओत फाइल छपाईला कशी जाते ते इतकं पक्कं कळतं की पुढे कुणी तुम्हाला गंडवू शकत नाही. फक्त रुजू होतानाच विचारून ठेवा की ब्रीफच्या मीटिंगला, म्हणजे काम काय आहे ते समजावतात तिथे, बसू देणार का. नाही म्हणाले तर दुसरी एजन्सी बघत राहा. हे सगळं प्रिंट आणि होर्डिंगच्या अनुभवावरून लिहिलंय. फिल्म किंवा गेमिंगकडे जायचं असेल, तर तिकडच्या माणसाला विचारा.