वाळवंटातल्या किड्या-विंचवांवर काम करायचंय, तर विद्यापीठाच्या कीटक संग्रहात वेळ घालवावा की सरळ फील्डवर जावं?

फील्डवर जाच, कोण नको म्हणतंय. पण प्रश्नाखाली "मेलेल्या किड्यांच्या कपाटात असं काय ठेवलंय" असं जे लिहिलंय ना तुम्ही, ते वाचून राहवलं नाही.

मी अशाच एका कलेक्शनमध्ये बरीच वर्षं काढली. माझ्याकडे अल्कोहोलमधला सगळा माल, म्हणजे विंचू, कोळी आणि सॉलिफ्युगी (लोक कॅमल स्पायडर म्हणतात आणि विषारी समजून मारतात, विष वगैरे काही नसतं त्याला). यांना भुंगेऱ्यासारखं टाचणीवर लावता येत नाही, मऊ पोट सुकून आक्रसतं, म्हणून कुपीत ७०-८० टक्के इथेनॉल आणि लेबलसुद्धा कुपीच्या आतच. जुनी लेबलं पेन्सिलने लिहिलेली होती, वाळूच्या टेकडीच्या कुठल्या अंगाला सापडला, तारीख, रात्री की दिवसा, पाऊस कधी पडून गेला होता, सगळं मुंगीच्या अक्षरात. तर एक सीनियर आले, तपासणीला समिती यायची होती, त्यांना ती लेबलं गबाळी वाटली. इंकजेटवर सुबक नवीन छापली, प्रजातीचं नाव ठळक, ठिकाणाच्या जागी नुसतं "वाळवंट", आणि जुने कागद कचऱ्यात. सर, ही शाई अल्कोहोलमध्ये टिकत नाही असं मी तेव्हाच बोललो, तर म्हणे तुला किड्यांपेक्षा कागदाचंच पडलंय. समिती खूश होऊन गेली. नंतर कधीतरी कुप्या काढल्या तर अल्कोहोलला फिकट निळी झाक आणि लेबलं कोरी!

थोडंफार वाचलं ते जुन्या रजिस्टरमुळे. काही कुप्यांत नंबराची पेन्सिलची चिठ्ठी तळाशी राहून गेली होती. एका सॉलिफ्युगी नराची तर जबड्यांच्या बेचक्यात अडकलेली, आणि त्या जबड्यावरच फ्लॅजेलम (छोटासा नाजूक अवयव) असतो, नराची प्रजाती ठरवायला तोच बघतात, तो मोडला की संपलं. मायक्रोस्कोपखाली श्वास रोखून चिमट्याने ओढली. बाकीच्या कुप्या कायमच्या मुक्या झाल्या.

"जीनस (प्रजातीच्या वरचा गट) माहीत आहे ना, मग बिघडलं काय?" हे त्या सीनियरांचं अजून चालूच असतं. अहो, आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातला ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस हा भुंगेरा धुकं आलं की टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोकं खाली करून उभा राहतो आणि अंगावरून ओघळून तोंडाशी आलेलं पाणी पितो, १९७६ साली हे छापून आलं. आता त्याच्याखाली नुसतं "वाळवंट" लिहिलं तर माथा की पायथा, धुकं होतं की नव्हतं, कुणाला कळणार? डीएनए काढा की खुशाल, त्यातून जात कळेल, तो कुठे आणि कधी फिरत होता ते नाही कळत.

तर आधी कलेक्शनमध्ये बसून नजर तयार करा. यूव्ही टॉर्च (३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा) घेऊन रात्री निघालात तर विंचू हिरवे चमकताना दिसतील, नुकती कात टाकलेले चमकणार नाहीत हे वेगळं, पण दिसला म्हणजे ओळखता आला असं होत नाही.

हां, डीएनए करणार असाल तर ७०चं अल्कोहोल चालत नाही, ९५च्या वर लागतं आणि फ्रीजर, आणि त्यात नमुना ठिसूळ होऊन पाय तुटतात, म्हणून एखादा पाय वेगळा ठेवतात. जमिनीत पुरायच्या ट्रॅपमध्ये अल्कोहोल घालू नका, त्या उन्हात उडून जातं, प्रॉपिलीन ग्लायकॉल घाला. परमिटशिवाय काही उचलू नका. आणि सगळीच कलेक्शन्स नवख्याला हात लावू देत नाहीत, तेव्हा आधी विचारून बघा. तुमच्या रिसर्च गाइडने इंकजेटचंच लेबल टाक म्हणून सांगितलं तर वाद घालत बसू नका, हो म्हणा आणि त्याच्या मागे पेन्सिलची चिठ्ठी सरकवून बूच लावा.