आधी झोपेचं विचारा

गोव्यात मानसिक आरोग्याच्या कामाला नव्याने लागताय, तर पहिल्याच भेटीत ‘डिप्रेशन’ म्हणू नका. झोप, भूक, छातीतली धडधड विचारा. माणूस तिथूनच बोलू लागतो. कुणी देवळात कौल घेतलेला असतो, कुणी फादरना भेटून आलेलं असतं. ते खोडून काढू नका, सोबत औषधही चालू दे म्हणा. झुआरीनगरात कन्नड बोलणारी बाई असेल तर तिच्या भाषेतली कार्यकर्ती न्या. तिच्याच मुलाला दुभाषी करणं मला मुळीच पटत नाही. आईचं दुःख त्याच्या तोंडून कसं निघणार? प्रशिक्षित सामान्य माणूसही नैराश्यात समुपदेशन करू शकतो, हे गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने दाखवलंय. जीव द्यायची भाषा ऐकलीत तर मात्र थेट विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.