यकृताचे आजार आणि इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचा अभ्यास) या विषयात संशोधन करून करिअर होतं का? त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं का?

होतं. मी तेच करते, आणि मी डॉक्टर नाही. विज्ञान शाखेतून आले. पदं, फेलोशिप वगैरेचं शेवटी बोलू. आधी हा विषय माणसाला धरून का ठेवतो ते सांगते, कारण त्याशिवाय या क्षेत्रात टिकाव लागत नाही.

यकृतात येणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं. त्यात अन्नातली परकी प्रथिनं असतात, जंतूंचे अवशेष असतात. या सगळ्यावर प्रतिकारशक्ती तुटून पडली तर प्रत्येक जेवणानंतर यकृत सुजेल. म्हणून तिथल्या पेशी बरंच काही सोसून घेतात. १९६९ मध्ये ब्रिटिश प्रत्यारोपण शल्यविशारद रॉय काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की डुकरांमध्ये बसवलेलं दुसऱ्या डुकराचं यकृत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही अनेकदा टिकून राहतं. मूत्रपिंडाच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

या सोशिकपणाची किंमतही आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्यांना मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, विषाणू हुडकताना. प्रौढ माणसाला लागण झाली तर कावीळ होऊ शकते, पण ९५ टक्क्यांहून अधिक लोकांचं शरीर विषाणूला आवरतं. तीच लागण जन्माच्या वेळी झाली तर बाळ वरवर ठणठणीत दिसतं, आणि जवळजवळ ९० टक्के बाळांच्या यकृतात विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. प्रतिकारशक्ती कुठे गप्प बसते, कुठे पेटून उठते आणि का? माझं सगळं काम या एका प्रश्नाभोवती आहे, आणि अजूनही त्याचा कंटाळा येत नाही.

रोजचं काम मात्र फार हाताचं आहे. बायोप्सीच्या सुईतून निघतो तो दोन-एक सेंटिमीटर लांबीचा, धाग्यासारखा तुकडा. त्यातला मोठा वाटा निदानासाठी पॅथॉलॉजीकडे जातो, आणि तसाच जायला हवा. उरलेल्या कणातून जिवंत पेशी सुट्या करायच्या, त्यांना रंगीत खुणा लावायच्या आणि फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रातून मोजायच्या. त्यात यकृताच्या पेशी मुळातच स्वतःहून चमकतात, त्यामुळे खरी खूण कुठली आणि नुसती चमक कुठली हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. ते वाचून येत नाही. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेलं यकृत मिळणार असेल तर शस्त्रक्रिया संपेल तेव्हा काम सुरू, मग रात्र असो की सुट्टी.

उंदरांवर भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. काही प्रश्नांना भागतं. पण माणसाच्या यकृतात ‘मेट’ नावाच्या टी-पेशी भरपूर असतात, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत त्या अगदी थोड्या. शेवटी रुग्णाकडे यावंच लागतं. एखादी व्यक्ती स्वतःला काही फायदा नसताना संमतीपत्रावर सही करते, तेव्हा तो नमुना वाया न घालवणं ही माझ्या दृष्टीने या कामातली पहिली जबाबदारी आहे.

भवितव्याचं म्हणाल तर हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि आज काही आठवड्यांच्या गोळ्यांनी तो आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. एका पिढीच्या कामातून हे झालं. उलट ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये, जिथे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, अजूनही मुख्य भिस्त स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन या जुन्याच औषधांवर आहे. तरुण रुग्ण वर्षानुवर्षं ती घेतात आणि दुष्परिणाम सोसतात. इथे माणसं कमी आहेत आणि काम डोंगराएवढं.

आता वाट. एमडी करून आलात तर रुग्ण तुमच्या हाताशी असतात, पण लॅबसाठी वेळ भांडून मिळवावा लागतो. पीएचडीच्या वाटेने आलात तर वेळ असतो, आजार मात्र शिकून घ्यावा लागतो. ओपीडीत बसायची परवानगी मागा, स्लाइड वाचायला पॅथॉलॉजिस्टकडून शिका. संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग दोघांनाही हवं. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची वर्षं लांबतात, नोकरी कराराची असते, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

लॅब निवडताना एक नक्की विचारा: रुग्णांचे नमुने कुठून येतात आणि ते आणायला कोण जातं? उत्तर मोघम आलं, तर तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.